पहिली भाकर गायीची

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी कुट्टी केली. मी मशीनचं चाक फिरवत होतो आणि वेणू गवताची पेंढी पात्याकडे सरकवत होती. चाक जड झालं होतं. त्याला तेल घालायचं मी कितीतरी दिवस उद्यावर टाकत होतो.

"हळू फिरवा ना जी. माह्या बोटायची कुट्टी करता का?"

"तू हात मांगं घे ना वं."

"हात मांगं घेतला तं गवत का तुमचा बाप सरकवते?"

असं आमचं रोजचंच होतं. तेवढ्यात तिनं पेंढीतली एक काडी उपसली, पेरावर दात दिला, चावली आणि चोथा थुंकून टाकला.

"बुढ्ढं आहे. कोठून आणलं?"

"नाल्याकाठून. नेहमीची जागा."

"तुरे दिसले नाही का तुमाले? तुरा आला का गवत बुढ्ढं झालं. याचं दूध नाही होत, याचा ढेकर होते. उद्या पलीकडच्या अंगाचं आणजा. कोवळं."

"आणतो वं. आता हे होऊ दे."

कुट्टी झाली. तिनं टोपलं उचलून गव्हाणीत रिकामं केलं. गायीच्या डाव्या कुशीला कान लावून उभी राहिली, ते तिचं रोज संध्याकाळचं काम. मग हात पुसत दिवा लावायला आत गेली. मी खाली सांडलेलं गवत झाडत होतो. बराच वेळ झाला तरी दिवा लागला नाही, म्हणून आत गेलो. चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, काडेपेटी हातात. हाक मारली, ओ दिली नाही. शेजारच्या माणसानं डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पडलं असेल. मला त्यातलं समजत नाही.

नंतर आलेगेले सगळे म्हणाले, वेणूबाई देवमाणूस होती. नव्हती. भांडखोर होती. भाजीवालीशी भांडायची, माझ्याशी भांडायची, देवळातल्या पुजाऱ्याशी एकदा नारळावरून भांडली होती. रांगेत कोणी पुढं घुसलं तर ती त्याचं पूर्ण खानदान बाहेर काढायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, गोड करून लिहिणं मला जमत नाही. जशी होती तशी लिहितो.

तिचं माहेर भिवापूरचं. तिकडची मिरची तिच्या जिभेत होती असं माझी आई म्हणायची. आम्ही नागपूरचे विणकर. घरात हातमाग, मागाच्या खड्ड्यात बाप, मागाच्या बाजूला आई, उरलेल्या जागेत आम्ही सगळे. गायीला तिथं जागाच नव्हती. वेणूच्या माहेरीही माग होता, पण दारात गाय होती. पहिली भाकर गायीला, मग माणसांना, ही तिकडची रीत. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तव्यावरची पहिली भाकर काढली, पदरात घेतली आणि दाराबाहेर पडली. आई पाहतच राहिली.

"कोठी चालली वं?"

"गाय पाहाले."

"आपल्या घरी कोठी आली गाय?"

"गल्लीत असनच ना जी एखादी."

आणि खरंच गल्लीत फिरून, कोणाची तरी गाय शोधून, तिला भाकर चारून आली. मग रोज तेच. पाऊस असो, थंडी असो. कधी गाय लवकर सापडायची नाही, तर ही थेट बाजारापर्यंत जायची आणि आम्ही ताटं घेऊन बसलेलो. एक दिवस आईचा पारा चढला.

"माह्या लेकाच्या आंधी गावातली ढोरं जेवतेत ह्या घरात!"

"ढोराले तोंड आहे, पण मागता येत नाही जी. तुमचा लेक तं दोनदा मागून घेते."

आईला हसू आलं, म्हणून ते भांडण तिथंच राहिलं. पण आईनं तिला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. मला ओळखायला वेळ लागला.

पुढं मागाचं काम बसलं. गिरणीच्या स्वस्त कापडापुढं आमच्या लुगड्याला कोणी विचारेना. बाप गेला, माग विकला. कामठी रोडच्या बाजूला तेव्हा वस्ती नव्हती, तिथं सरकारचं चारा फारम निघालं होतं. कोणतं गवत कसं वाढतं, ते खाऊन गाय किती दूध देते, असं पाहायचं काम. मी तिथं रोजंदारीवर लागलो, गोठा झाडायला आणि चारा मोजायला. गवत कापायला बाया घेत होते, म्हणून वेणूही आली. सकाळी घरून भाकरी बांधून आम्ही दोघं पायी निघायचो. फारमात गाय शोधावी लागत नव्हती. वेणूसाठी तर तो स्वर्गच होता.

तिथले साहेब परचुरे म्हणून होते. पुण्याचे. काडीसारखा माणूस, चष्म्याची एक दांडी सुताने बांधलेली, सायकलवर यायचे. त्यांचा सगळा अभ्यास गायीच्या ढेकरावर होता. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गोठ्यातली सगळी माणसं तोंडं फिरवून हसली. पाठीमागं त्यांना सगळे ढेकरवाले साहेब म्हणायचे. त्यांना ते मालूम होतं. एकदा स्वतःच फाटकावर म्हणाले, "आत निरोप द्या, ढेकरवाले आलेत."

त्यांचं काम असं होतं. सहा गौळाऊ जातीच्या गायी, पांढऱ्या, एका वयाच्या. तिघींना मारवेल गवत तुरा यायच्या आत कापून द्यायचं, कोवळं. दुसऱ्या तिघींना तेच गवत, पण तुरा येऊन, बी गळून, काडी कडक झाल्यावर कापलेलं. दोन्हीकडचं गवत मोजून घालायचं, उरलेलं मोजायचं, शेणही मोजायचं, दूध मोजायचं. आणि मधून मधून गायीच्या तोंडाला कातड्याचा तोबरा बांधायचा, त्याला रबराची मोठी थैली, तिच्यात गायीचा श्वास आणि ढेकर धरायचे. त्या हवेत काय किती आहे ते साहेब आतल्या खोलीत काचेच्या नळ्यांत पाहायचे.

कडक गवताच्या रांगेत मैना होती. कपाळावर राखेचा हात फिरवल्यासारखी खूण, एक शिंग जरा वाकडं. वेणूचा जीव तिच्यावर बसला. काहून, तर ती शेवटच्या खुंट्याला होती आणि तिच्या वाट्याला काड्या यायच्या.

"ह्या तिघी आपल्या अन् त्या तिघी सवतीच्या का?" ती मला म्हणायची.

"सायबाचा हुकूम आहे. आपल्याले काय करायचं?"

"तुमाले नाही करायचं. मले करायचं आहे."

तिनं काय केलं ते मी डोळ्यानं रोज पाहत होतो आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्याही डोक्यात आलं नाही. घरी तव्यावरची पहिली भाकर ती पदरात बांधायची, फारमात आल्यावर सगळ्यांत आधी मैनेकडे जायची आणि तिला चारायची. वरून मिठाचा खडा. गायीला पहिली भाकर देणं म्हणजे चारा घालणं नव्हे, तो धर्म, असं आम्हाला वाटायचं. चारा आम्ही मोजत होतो, अगदी काडी-काडी. भाकर कोण मोजतं?

इकडे परचुरे साहेबांचा हिशेब जमेना. त्या रांगेतल्या दुसऱ्या दोघी वाळत चालल्या होत्या आणि मैना मात्र बरी होती, दूधही धरून होती. तेच गवत, तेवढंच वजन. साहेबांनी आधी काटा बदलला. मग शेण पुन्हा मोजायला लावलं. मग दुसरीचं दूध मैनेच्या भांड्यात तर जात नाही ना म्हणून स्वतः दोहताना उभे राहिले. दोन दोन दिवस दाढी करत नव्हते. तेव्हाच बातमी आली की वरचे मोठे साहेब तपासायला येणार. ह्या कामातून काही निघत नसेल तर ते बंद करायचं आणि गायी लिलावात काढायच्या, असं बोलणं चाललं होतं. लिलावात गायी कोण नेतं ते सगळ्यांना मालूम होतं. वेणूनं मला विचारलं, "मैनाले बी?" मी म्हटलं, "सगळ्यायले."

मोठे साहेब आले त्या दिवशी परचुरे साहेबांनी तोबऱ्याचं काम दाखवायला घेतलं. मैना पुढं आणली. पण ती तोंड देईना. मान झटकते, मागं सरते, एकाचा पाय तुडवला. परचुरे साहेब म्हणाले, "वेणूबाईंना बोलवा, त्यांचं ऐकते ती."

वेणू गवताच्या वावरातून आली, कमरेला इळा खोवलेला. मैनेनं तिला पाहिलं, दोरीसकट दोन पावलं पुढं आली आणि सगळ्यांसमोर तिच्या पदरात तोंड घातलं. हुंगते, ओढते, पदर चाटते. त्या दिवशी घाईत भाकर चारायची राहिली होती, ती पदरातच होती. मैनेनं गाठ सोडवून ती बाहेर काढली आणि खाऊन टाकली. एक तुकडा मोठ्या साहेबांच्या बुटावर पडला.

मग परचुरे साहेबांनी विचारलं, "वेणूबाई, हे काय?"

"भाकर जी."

"ते दिसतंय. रोज देता?"

"हाव. पहिली भाकर. गायीची असते."

"कधीपासून?"

"आली तेव्हापासून."

तिच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं. उलट साहेबांनाच हे कसं माहीत नाही, असं ती पाहत होती. मोठे साहेब भडकले. इतक्या महिन्यांचं काम एका बाईनं मातीत घातलं, आत्ताच्या आत्ता हिला काढा, असं बरंच बोलले, अर्धं इंग्रजीत. परचुरे साहेब गव्हाणीच्या कडेवर बसले. चष्मा काढून हातात घेतला. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस रडतो का ओरडतो. मी हात जोडून काही म्हणायला पुढं झालो, तर वेणूनं कोपरानं मला मागं ढकललं.

"साहेब, तुमचं नुकसान झालं का माह्यानं?"

"झालं वेणूबाई."

"मले मालूम नोतं जी. मले वाटलं तुमी गवत मोजता."

"मी पोटात जाणारं सगळं मोजतो. आणि दोष तुमचा नाही. आणखी काही देता का, हे मी कधी विचारलंच नाही. आता बंद कराल?"

ती मैनेच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "बंद करणं माह्याच्यानं होणार नाही. खोटं काहून सांगू? मी हो म्हणन अन् उद्या पुन्हा देईन. त्याच्यापेक्षा मले कामावरून काढा. पण मंग मैनाले कोणी तं द्या."

परचुरे साहेबांनी चष्मा परत घातला. विचारलं, "भाकर केवढी असते?"

तिनं दोन्ही पंजे जोडून दाखवली.

"अशा सहा करता येतील? रोज? सगळ्या सारख्या वजनाच्या?"

मोठे साहेब म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. परचुरे साहेब त्यांना बाजूला घेऊन गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. त्यांनी हात जोडलेले मात्र मी पाहिले, साहेबानं साहेबापुढं. परत आले ते म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. सहाही गायींना भाकर. फरक राहिला तर फक्त गवताचा राहील."

वेणूला कामावरून काढलं नाही. तिचं एक काम मात्र वाढलं. फारमात चूल मांडून दिली, ज्वारीचं पीठ सरकारी, आणि सकाळी सहा भाकरी. पहिल्या दिवशी तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या हातचे गोळे सारखेच येतात, मोजायची गरज नाही. काट्यावर घातले तर सहाही वेगळे. काट्याला दोष दिला. काटा बदलला, तरी वेगळेच. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी हासून राहिले का?" मी म्हटलं, नाही. मी हसत होतो. तेव्हापासून ती गोळा काट्यावर ठेवायची, चिमूट काढायची, चिमूट लावायची, जिभेचं टोक दातात धरून. सोनार काय करेल तसं. आणि भाजून झाल्यावर कोणती पहिली, हे तीच ठरवायची. ती मैनेची. त्यात साहेबांनी कधी तोंड घातलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला पटत नव्हती. ती रोज गायीच्या कुशीला कान लावायची. पोट गुडगुडलं, वर ढेकर आला, की म्हणायची, "जेवली माय. सुखात आहे." मैना सगळ्यांत जास्त ढेकर द्यायची. म्हणून ती सगळ्यांत सुखात, असा तिचा हिशेब. माणूस पोटभर जेवल्यावर ढेकर देतो तसा. साहेबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, दुपारी त्या बुचाच्या बैलाकडे या.

फारमात एक म्हातारा बैल होता, त्याच्या डाव्या कुशीला डॉक्टरांनी भोक पाडून रबराचं बूच बसवलं होतं. पोटात काय चाललंय ते पाहायला. बैलाला त्याचं काही नव्हतं, तो मजेत रवंथ करायचा. वेणू त्याच्याकडे कधी पाहायची नाही, तिला शिसारी यायची. त्या दिवशी साहेबांनी बुचातून नळी घातली, तिच्या टोकाला बारीक तोटी लावली, बैलाची कूस दाबली आणि तोटीपाशी आगकाडी ओढून धरली. सावलीत होतो म्हणून दिसलं. निळी ज्योत. हलली, विझली, पुन्हा कूस दाबली, पुन्हा लागली.

वेणू दोन हात मागं झाली. "अरे बाप्पा! पेटला ना बैल!"

"बैल नाही पेटला. त्याच्या पोटातली हवा पेटली. हीच ढेकरातून बाहेर जाते." साहेब तिला सांगत होते, मीही ऐकत होतो. गवत पोटात आंबतं, त्यातून ही हवा होते. प्रत्येक ढोराची होते, ते थांबत नाही. पण गवत कोवळं असलं तर त्यातलं जास्त अंगी लागतं, त्याचं दूध होतं, मांस होतं. गवत म्हातारं झालं, काडी झाली, की गायीला ते पचवायला वेळ लागतो, अंगी कमी लागतं, आणि दुधामागे पाहिलं तर ही हवाच जास्त. खाल्लेलं असं वाऱ्यावर जातं.

वेणू त्या तोटीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माह्या मैनाचं खाणं असं जळून जाते? अन् मी म्हणो, सुखात आहे."

"हो."

"अन् तरी तुमी तिले थेच गवत घालता?"

साहेबांनी बुचातली नळी बाहेर काढली. म्हणाले, "किती फरक पडतो हे दाखवता आलं नाही, तर गावोगावचे लोक गवत वाढू देणारच वेणूबाई. उंच दिसतं, ओझं मोठं होतं, म्हणून. हे सहा महिने मैनेनं काढले, तर पुढं लाखो गायींना…"

"लाखो गायी मी पाहिल्या नाही. मैनाले पाहतो." तिनं पदर खोचला. "बरं. हे होऊ द्या. पण झाल्यावर तिले कोवळंच भेटलं पाहिजे. मरेपर्यंत."

"सरकारची गाय आहे. मी शब्द कसा देऊ?"

"तुमी नका देऊ. मी देतो तिले."

आणि गोठ्यात जाऊन तिनं खरोखर मैनेच्या कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलं. म्हणाली, तुमाले काय करायचं?

ते सहा महिने तिनं कसे काढले ते मी पाहिलं. तेच कडक गवत तिलाच कापावं लागायचं, आणि आता तिला माहीत होतं त्याचं काय होतं. इळा मारताना दात आवळायची. पण एक काडी इकडची तिकडं केली नाही. भाकरही वजनाची, ना जास्त ना कमी. एकदा मीच म्हटलं, अर्धी भाकर जास्त दे, कोण पाहतं? तर माझ्यावर वस्सकन ओरडली. "सायबाले सांगतलं ना एकदा! आता पुन्हा खोटं पाडू का त्यायले?"

काम पुरं झालं, कोवळ्या गवताचा फरक आकड्यांत दिसला. साहेब टाइप केलेले कागद घेऊन गोठ्यात आले आणि आम्हाला त्यातली एक ओळ मराठीत करून सांगितली. गायींना अमुक गवत दिलं, अमुक वजनानं दिलं, आणि रोज सकाळी प्रत्येकीस ज्वारीची एक भाकर.

वेणूनं विचारलं, "माहं नाव टाकलं का त्याच्यात?"

"नाही. असं नाव टाकत नाहीत."

"बरं झालं. नाही तं लोक म्हणतीन ढेकरवाली."

साहेब इतके हसले की चष्मा पडला.

त्यांची बदली झाली आणि गायी लिलावात निघाल्या. मैना आम्ही घेतली. कशी घेतली ते सांगत बसत नाही. वेणूच्या पायातले चांदीचे तोडे मात्र त्यानंतर कोणी पाहिले नाहीत. मैनेला कामठी रोडवरून पायी घरी आणली ती वेणूनंच, दोरी न ओढता, नुसता पदर पुढं धरून. घराच्या मागं पत्रे टाकून तिचा गोठा केला.

फारमात नोकरी होती तोवर आणि सुटल्यावरही आमच्या घरी कडक गवत आलं नाही. उन्हाळ्यात हिरवं मिळायचं नाही तेव्हा वेणू कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भिजवायची, सरकीची ढेप घालायची, पण तुऱ्याची काडी गव्हाणीत पडू द्यायची नाही. आणि साहेबांकडून शिकलेली ती गोष्ट तिनं माणसांनाही लावली. निवडणुकीत एक उमेदवार गल्लीत येऊन तासभर बोलला. शेवटी हात जोडून वेणूला म्हणाला, "मावशी, ध्यान ठेवजा." ती म्हणाली, "बोलणं चांगलं होतं भाऊ. दूध कमी, ढेकर जास्त." तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, गल्ली हसली. आमचा पोरगा सदर बाजारात कपड्याच्या दुकानात लागला, नवी पँट घालून आला आणि मालकाच्या मोठमोठ्या गोष्टी सांगू लागला, तर त्यालाही तेच. मला तर दिवसातून एकदा तरी. मी आता हे एवढं लिहून राहिलो, हे तिनं वाचलं असतं तर, पण तिला वाचता येत नव्हतं.

मैना म्हातारी होऊन आमच्याच दारात गेली. तिला कालवड झाली, त्या कालवडीची पोरगी साळू. कपाळावर तशीच राखेची खूण. त्या संध्याकाळी आम्ही कुट्टी करत होतो ती साळूसाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. वेणूचा भाऊ भिवापूरहून यायचा होता, तोवर थांबायचं ठरलं. पोरगा एका कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. बाया मधे वेणूभोवती. मला काही करायला नव्हतं. लोक येत होते, माझा हात धरत होते, सोडत होते. तेवढ्यात गोठ्यात साळू हंबरली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिची वेळ झाली होती.

मी उठलो. डब्यातून पीठ घेतलं, तवा घेतला आणि गोठ्यात आलो. तीन विटा मांडल्या, काड्या घातल्या, काडी ओढली. काडेपेटी वेणूच्या हातातून काढून ठेवलेली होती तीच. शेजारची बाई धावत आली.

"भाऊ, हे काय करून राहिले? आज ह्या घरात चूल नाही पेटत."

"ही घरात नाही."

"लोक काय म्हणतीन?"

"गाय काय म्हणते ते ऐका."

पोरगा आला, म्हणाला, "बाबा, मी बाहेरून कोणाच्या घरून आणतो भाकर." मी म्हटलं, "तुझ्या मायनं कोणाच्या घरची दिली का कधी?" तो तिथंच उकिडवा बसला आणि जाळ पुढं सारू लागला.

मी जन्मात भाकर थापली नव्हती. पाणी जास्त झालं, पीठ वाढवलं, मग कोरडी झाली. थापली तर कडेनं फाटली. एका बाजूनं करपली. पण भाकर म्हणता येईल अशी झाली. हातात घेऊन साळूपुढं धरली. तिनं हुंगली. तोंड बाजूला केलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत उभी राहिली.

दोरीवर वेणूचं आदल्या दिवशीचं लुगडं वाळत होतं. ते मी काढलं, पदर हातावर घेतला, भाकर त्यात ठेवली. साळूनं तोंड घातलं. पदर ओढला, चाटला, मग खाल्ली. सगळी खाल्ली, करपलेलीही. पोरगा रडत होता. मी त्याला रडू दिलं.

मग गव्हाणीत पाहिलं. कालची कुट्टी, पानं पानं निवडून खाल्लेली, काड्या तशाच पडलेल्या. त्या सगळ्या मी हातानं काढून बाहेर टाकल्या. इळा कमरेला खोवला. पोरगा म्हणाला, "बाबा, आता कोठी चालले? मामा येतीनच."

"येतो मी त्याच्या आंधी."

नाल्याच्या पलीकडच्या अंगाला गेलो. तिथलं गवत गुडघ्यापर्यंतच होतं, दवानं ओलं, तुरा कुठं नव्हता. एक काडी उपटली आणि पेरावर दात दिला. माझे दात आता तसे राहिले नाहीत, तरी चावली गेली. गोड लागली. चोथा राहिला नाही.

मग खाली बसलो आणि कापायला लागलो.